लवदार झाडाची पाटी

आठशे चाळीस पाट्या झाल्या तेव्हा मुंगीचे पाय बोलायला लागले. सकाळी आठला दोघं बागेच्या वरच्या फाटकातून निघाली होती. आता दुपारचे दोन वाजून गेले होते आणि अजून काचघर, तळं आणि खालची भिंत एवढं शिल्लक होतं. मामा दोन पावलं पुढे. त्यांचा उजवा गुडघा वर्षभर संपावर होता, तरी ते मागे पडत नव्हते. फक्त प्रत्येक झाडापाशी पोचले की एक हात खोडावर टेकायचे. बघणाऱ्याला वाटावं, झाडाला धीर देतायत.

मुंगी त्यांची सख्खी भाची. वय अडतीस, डोळ्यांवर जाड चष्मा, या वनस्पतींच्या बागेच्या कचेरीत कारकून. लहानपणी सापडेल ते उचलून घरी आणायची म्हणून मामांनी तिला मुंगी म्हटलं, ते नाव शाळा संपवून तिच्याबरोबर नोकरीतही आलं. मामा त्याच बागेत पाट्या रंगवायचे. झाडापुढे रोवलेली हिरव्या पत्र्याची पाटी आणि तिच्यावर पांढऱ्या ऑइलपेंटने काढलेलं झाडाचं शास्त्रीय नाव, अशा हजारावर पाट्या, सगळ्या त्यांच्या हातच्या. चौतीस वर्षांची. भाची मामा म्हणते म्हणून अख्खी कचेरी मामा म्हणायला लागली आणि माळ्यांनी त्याचं पाटीमामा करून टाकलं.

शनिवारी पाटीमामा निवृत्त होणार होते. त्यांच्या जागी माणूस येणार नव्हता. पुढच्या पाट्या पोलादाच्या, यंत्राने कोरलेल्या, बाहेरून करून यायच्या होत्या. बागेच्या प्रमुख, ज्यांना येऊन चार वर्षं झाली तरी सगळे नव्या बाईच म्हणत, त्यांनी सांगितलं होतं की कारखान्याला यादी जाईल ती एकदाच, आणि जे यादीत असेल तेच पोलादात उतरेल. म्हणून ही वारंवार थांबत चाललेली पायपीट. मामा पाटी वाचायचे, मुंगी यादीत खूण करायची. काम खरं तर तीन दिवसांचं. ते एका दिवसात उरकायचा हट्ट मामांचा होता आणि त्याचं कारण ते सांगत नव्हते. मुंगी सकाळी दोनदा कुरकुरली, मग गप्प झाली. दर शंभर पाट्यांनंतर ती मनातल्या मनात देवाचं नाव घ्यायची आणि घोटभर पाणी प्यायची. त्याच जोरावर दिवस चालला होता.

मामांची एक खोड होती. नाव वाचलं की ते अर्थ सांगितल्याशिवाय पुढे सरकत नसत. ऐकणाऱ्याने विचारलेलं नसलं तरी.

रेपेन्स, सरपटणारी. स्कँडेन्स, चढणारी. पेंडुला, लोंबणारी. आल्बा पांढरी आणि रुब्रा लाल, हे तर मुंगीला पाचव्या वर्षापासून पाठ होतं. स्पिनोसा म्हणजे काटेवाली, आणि तिच्याच शेजारची इनर्मिस म्हणजे निःशस्त्र, जिच्या हातात काहीच नाही अशी. मग माझंच नाव म्हणा ना, असं मुंगी म्हणाली, तर मामा म्हणाले, तुझी जीभ विसरलीस काय. ऑफिसिनॅलिसपाशी त्यांनी सांगितलं की पूर्वी औषधं ठेवायच्या कोठीला ऑफिसिना म्हणत, त्या कोठीतली ती ऑफिसिनॅलिस, ऑफिस शब्दही तिथलाच. मुंगीने विचारलं, मग आमच्या ऑफिसात औषधालासुद्धा उपयोगी माणूस का सापडत नाही. मामा हसले, पण ते हसू गुडघ्यापर्यंत पोचलं नाही. खोडाला टेकूनच ते पुढच्या पाटीकडे बघत राहिले.

मामांची शाळा सातवीत सुटली होती. बागेत लागले तेव्हा ही परकी अक्षरं ते नक्षीसारखी काढायचे, कागदावर जशी दिसतील तशी. पहिल्याच आठवड्यात त्यांनी एका उंच झाडापुढे रेपेन्सची पाटी रोवली. तेव्हाचे प्रमुख मोठे साहेब तिथून जात होते. ते रागावले नाहीत. झाडाच्या शेंड्याकडे बघून त्यांनी विचारलं, हे सरपटतंय का. मग त्या दिवसापासून रोज संध्याकाळी पाच शब्द. मामांनी ते वहीत मराठीतून लिहून घेतले. साहेब सांगायचे की झाडाचं आडनाव आधी येतं आणि नाव मागून, शाळेच्या हजेरीसारखं. आडनाव भावकीचं, नाव त्याचं स्वतःचं. आणि ते नाव शोभेचं नसतं. कोणीतरी कधीतरी त्या झाडापुढे उभं राहिलं, पान उलटं करून बघितलं, चुरगळून हुंगलं, आणि जे कळलं ते एका शब्दात लिहून ठेवलं. तेव्हा पाटी रोवायच्या आधी नाव झाडाला विचारायचं. केसाळ लिहिलंय ना, मग हात फिरवून बघ केस लागतात का.

मुंगीला ही गोष्ट शंभर वेळा ऐकून पाठ होती. तरी तिला ती आवडायची. देवालाही माणसांनी अशीच नावं दिली असतील असं तिला वाटायचं, प्रत्येकाला त्याची जी बाजू दिसली तिच्यावरून. हे ती कोणाला बोलून दाखवत नसे. कचेरीत असलं काही बोललं की लोक चहा मागवतात.

काचघर संपवून दोघं तळ्याच्या काठी आली तेव्हा सव्वातीन झाले होते. इथे एक मोठं झाड होतं, पसरलेलं, खाली लाकडी बाक. ही मामीची जागा. मामी होती तोवर रोज दुपारी डबा घेऊन यायची, मामा जेवायचे, ती बाकावर बसून तळ्यातली बदकं मोजायची आणि दरवेळी एक कमी भरलं म्हणून काळजी करायची. मामी जाऊन चार वर्षं झाली. बाक तसाच होता.

मुंगीला वाटलं, इथे तरी मामा पाच मिनिटं बसतील. पण ते थांबलेच नाहीत. लांबूनच म्हणाले, "सातशे बारा. टोमेंटोसा." आणि पुढे निघाले.

मुंगीने खूण केली. मग तिच्या लक्षात आलं की मामांनी अर्थ सांगितला नाही. खोडाला हातही लावला नाही. दिवसभरात हे एकच झाड असं गेलं. दमले असतील, असं म्हणून तिने ते सोडून दिलं. तिच्या स्वतःच्या चपलेचा अंगठा तुटायला आला होता आणि तिला पायांपलीकडचं काही सुचत नव्हतं.

खालच्या भिंतीपाशी ओळीने साधी झाडं होती, रस्त्यारस्त्यावर लावतात तसली. त्यातल्या चारांच्या खोडावर चुन्याने फुली मारलेली होती. सोमवारीच मारली होती. तिथे नवं पंपघर व्हायचं होतं आणि उद्या सकाळी सातला ठेकेदाराची माणसं झाडं तोडायला येणार होती. पंपघर खरं तळ्याच्या काठी ठरलं होतं, पहिला नकाशा तसाच होता. पण तिथे सातशे बारा नंबरची टोमेंटोसा. बागेत ते एकच झाड, दूरच्या एका बागेने पाठवलेल्या बियांतून उगवलेलं. त्यासाठी नकाशा बदलला आणि पंपघर भिंतीकडे सरकलं.

फुली मारलेल्या चौथ्या झाडापाशी मामा थांबले. पाटीवर सातशे तेरा, ग्लाब्रा. ते खोडाला पाठ लावून जमिनीवरच बसले. गुडघा लांब केला, तेव्हा त्याचा आवाज मुंगीलाही ऐकू आला. मग हात वर करून त्यांनी एक पान तोडलं, ते उलटं केलं आणि तिला खाली वाकायला सांगितलं. ती वाकली. त्यांनी पानाची मागची बाजू तिच्या गालावरून फिरवली. जुन्या रजईवरून हात फिरवावा, तसं ते लागलं. मऊ, दाट, उबदार.

"पाटी काय म्हणते?" मामांनी विचारलं.

"ग्लाब्रा. गुळगुळीत."

"आणि पान?"

मुंगीने स्वतःच पानावरून एकदा बोट फिरवलं. तिला कळायला थोडा वेळ लागला, कारण ती फार दमली होती. कळलं तेव्हा तीही मामांच्या शेजारी मातीत बसली.

मग मामांनी ते सगळं सांगितलं, तळ्याच्या दिशेला न बघता. सव्वीस वर्षांपूर्वीची गोष्ट. दोन रोपं एकाच दिवशी लावायची होती, एकाच भावकीतली. एक दुर्मीळ टोमेंटोसा, एक साधी ग्लाब्रा. रोपांना तारेने बांधलेले नंबराचे पत्रे हातगाडीवरून येताना कुठेतरी गळून पडले. मोठे साहेब आजारी, रुग्णालयात. दुसऱ्या दिवशी वरून पाहणी यायची होती आणि दोन रोपं बिननावाची. मामांनी साहेबांचा धडा आठवला. नाव झाडाला विचारायचं. एका रोपाला कोवळी पानं होती, ती त्यांनी उलटी केली, गालाला लावली, तर लव लागली. दुसऱ्याची पानं उन्हाने झडून गेली होती, नुसती काडी उरली होती. लव लागली ती टोमेंटोसा. टोमेंटम म्हणजे उशीत भरायची लोकर, हे वहीत लिहिलेलं होतं. उरली ती ग्लाब्रा. लवदार रोपाला तळ्याकाठची मानाची जागा मिळाली, काडी भिंतीपाशी गेली.

"इथेच घोड्याने पेंड खाल्ली," मामा म्हणाले. "साध्या झाडालाही कोवळेपणी लव असते. लहान मुलाच्या पाठीवर असते तशी. मोठं झालं की जाते. हे वहीत नव्हतं. मला शब्द वाचता येत होता, झाड कुठे वाचता येत होतं."

साहेब त्या आजारातून उठलेच नाहीत. नंतरचे प्रमुख कागदपत्रांतले लोक होते. विद्यार्थी यायचे, ते पाटी उतरवून घ्यायचे. एकदा एक बाहेरचे प्राध्यापक तळ्याकाठी पान उलटं करून बराच वेळ उभे राहिले, पाटीकडे बघितलं, परत पानाकडे बघितलं आणि वयाने लव झडली असेल असं स्वतःशीच म्हणून गेले. पाटी जिंकली. मामा त्या वेळी तीन हातांवर दुसऱ्या पाटीला रंग देत होते. त्यांनाही तेव्हा ते खरंच वाटलं होतं.

चूक कळली ती बारा वर्षांपूर्वी. पावसाने खराब झालेली सातशे तेराची पाटी रंगवायला ते इथे आले, घाम पुसायला रुमाल सापडेना म्हणून हाताला आलं ते पान कपाळावरून फिरवलं, आणि तसेच उभे राहिले. मग तळ्याकडे जाऊन तिथलं पान बघितलं. गुळगुळीत, आरशासारखं. झाडाखाली मामी बसली होती. तिने विचारलं, तोंड का असं झालंय. त्यांनी सांगितलं, ऊन लागलं.

"तिलाही नाही सांगितलंत?" मुंगीने विचारलं.

"ती त्या झाडाला मोठ्या घरचं म्हणायची. माणसं आणायची दाखवायला. म्हणायची, हे आमच्या यांनी ओळखलं." मामांनी पानाची मागची बाजू अंगठ्याने चोळली. "आणि मी म्हटलं, दोन्ही झाडं उभी आहेत. नाव चुकलं म्हणून सावली कमी होत नाही. असं करत बारा वर्षं ढकलली. आता ढकलायला जागा नाही. ही फुली पडली सोमवारी. चार दिवस डोळ्याला डोळा नाही."

म्हणजे तीन दिवसांचं काम एका दिवसात का, ते मुंगीला आता कळलं. मामांना यादीच्या वाटेने इथपर्यंत यायचं होतं, आणि एकट्याने यायचा धीर नव्हता.

ती कारकून होती. तिला उपाय लगेच सुचला. यादी तिच्याच हातात होती. सातशे बारा आणि सातशे तेराची नावं तिने अदलाबदल केली असती तर कोणाला पत्ता लागला नसता. कारखाना यादीप्रमाणे कोरेल, आणि बाईंना ती म्हणेल की जुन्या यादीत गफलत होती, टंकलेखनाची. शनिवारी निरोपाचा कार्यक्रम होता. नव्या बाईंनी भाषण लिहून मुंगीलाच टाइप करायला दिलं होतं आणि त्यातलं एक वाक्य तिला पाठ होतं. चौतीस वर्षांत या हाताने एकही पाटी चुकली नाही. ते वाक्य टाइप करताना मुंगीने दोन वेळा चष्मा पुसला होता.

तिने हे सगळं मामांना सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं.

"आणि बी?" ते म्हणाले.

"कसलं बी?"

"तळ्यावरच्या झाडाचं बी दरवर्षी आपण पाठवतो. पाकिटांवर नाव मीच घालतो. अकरा बागांत ते रुजलंय. तिथेही कोणीतरी पाटी रंगवली असेल. माझ्या अक्षरावर भरवसा ठेवून." त्यांनी हातातलं पान शर्टाच्या खिशात ठेवलं. "टंकलेखनाची चूक म्हणालीस तर त्यांना कोण कळवणार? चूक कोणाची ते लिहिलं तरच ती संपते गं. नाहीतर उद्या कोणीतरी हुशार माणूस येईल आणि परत उलटं करून ठेवेल."

"मामा, नाव खरं केलं तर पंपघर परत तळ्यावर जाईल. मामीचं झाड जाईल."

"ते दिसतंय मला," मामा म्हणाले. "दुसरं काही दिसतच नाहीये."

मुंगीला रडू येत होतं, पण ते दुःखाचं की दमणुकीचं हे तिला सांगता आलं नसतं. तिने मनात देवाला विचारलं, आणि नेहमीप्रमाणे उत्तर शब्दांत आलं नाही. एवढंच झालं की तिने पेन काढलं, सातशे बाराच्या ओळीवरची खूण खोडली आणि उठून मामांना हात दिला. उठवताना दोघंही एकदा परत खाली बसली. मामा म्हणाले, प्रॉस्ट्राटा, आडवी पडलेली. दोघं हसली, आणि दुसऱ्या खेपेला उठली.

नव्या बाई पाच वाजता खोलीत एकट्याच होत्या, डोळे चोळत. त्यांचाही दिवस सरळ गेलेला दिसत नव्हता. मामांनी उभ्यानेच सांगितलं, थोडक्यात, आणि खिशातलं पान टेबलावर ठेवलं. दुसरं पान तळ्यावरचं होतं, ते येताना मुंगीने तोडून आणलं होतं. ती तोडत होती तेव्हा मामा तळ्याकडे न वळता रस्त्यावरच उभे राहिले होते. बाईंनी दोन्ही पानं उलटी केली, गालाला लावली. त्या खरोखरच नवख्या नव्हत्या, त्यांना कळलं.

"खात्री आहे मामा?"

"बारा वर्षांपासून," मामा म्हणाले.

बाई रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर मुंगीला बरं वाटलं असतं. त्यांनी पहिला नकाशा मागवून घेतला, तळ्यापाशी बोट ठेवून काही वेळ बघितलं आणि मग म्हणाल्या की सगळं कागदावर लिहा, अकरा बागांना पाठवायची पत्रंसुद्धा, खाली मामांची सही. भाषणाचा कागद टेबलावरच होता. त्यांनी त्यातलं एक वाक्य खोडलं, त्याच्या जागी दुसरं लिहायला पेन टेकवलं, आणि तसंच उचललं. ठेकेदाराला त्या फोन करणार होत्या. पण त्याची माणसं फोन ऐकत नाहीत, पाटी आणि फुली बघतात. तेव्हा सातच्या आत चुना पुसलेला हवा आणि सातशे तेरासमोर खरी पाटी हवी. पोलादाची यायला तीन महिने लागतील.

रंगाची खोली काचघराच्या मागे. एका कोनाड्यात अजून तो पत्र्याचा तुकडा होता, ज्याच्यावर मामांनी पाच वर्षांच्या मुंगीला अक्षरं शिकवली होती. उरलेल्या रंगात ब्रश बुडवून, तिचं मनगट धरून, ग म भ न. मुंगीने अंधार पडायच्या आत हिरवा पत्रा पुसून टेबलावर ठेवला. मामांनी पांढऱ्या रंगाचा डबा उघडला, ढवळला, ब्रशचे केस बोटाने जुळवले. झाडाचं आडनाव आणि नाव लिहायला घेताना त्यांच्या चेहऱ्यावर जसं यायचं तसं काहीतरी आलं. मग ब्रश पत्र्याच्या वर आला आणि थरथरायला लागला.

त्यांनी तो खाली ठेवला. डाव्या हाताने उजवा हात धरून बघितला. परत उचलला. पांढरा थेंब पत्र्यावर पडला, तो मुंगीने फडक्याने टिपला. तिला आठवलं की गेले सहा महिने मामा पाट्या घरी नेऊन रंगवायचे, कचेरीत कोणासमोर नाही, आणि एका पाटीला दोन दोन दिवस लावायचे. म्हातारपणाचा चिकटपणा, असं माळी हसून म्हणायचे. तीही हसली होती.

मामी गेल्यापासून मामांनी कोणाकडे काही मागितलं नव्हतं. त्यांनी ब्रश तिसऱ्यांदा उचलला आणि हात तिच्यापुढे केला.

"मुंगे," ते म्हणाले, "मनगट धरशील? घट्ट नको. अक्षर माझं मीच काढतो. तू फक्त हात हलू देऊ नकोस."